मत्स्यरसाची साक्ष



राजांचा इतिहास ताम्रपटांत आणि शिलालेखांत सांपडतो. रयतेचा इतिहास मात्र पुष्कळदां तिच्या चुलीपाशीं शोधावा लागतो. दक्षिण व्हिएटनाममधील एका साध्या पदार्थाकडे आज आपण त्या दृष्टीनें पाहूं.

मेकाँग नदी जेथें समुद्रास मिळते, त्या प्रदेशांतील सोक त्रांग किंवा त्रा विन येथील कोणत्याहि खाणावळींत गेलें, तर 'बुन नुओक लेओ' मागतां येतें. 'बुन' म्हणजे तांदळाच्या शेवया आणि 'नुओक लेओ' म्हणजे रस्सा. वाडग्याच्या तळाशीं पांढऱ्याशुभ्र शेवया. त्यांवर कांटे काढलेला मासा, सोललेली कोळंबी, डुकराच्या भाजलेल्या मांसाचे काप. आणि वरून कढत रस्सा. जोडीला केळफुलाची बारीक चीर, मुगाचे मोड व लिंबू. मासा आपल्या परिचयाचाच, गोड्या पाण्यांतला मरळ. शेवयाहि कोंकणांतील शिरवळ्यांच्या बहिणी शोभतील. रश्श्याचा उग्र वास मात्र नवख्यास दचकवतो. आणि इतिहास दडला आहे तो त्या वासांतच.

हा वास ख्मेर लोकांच्या 'प्राहोक'चा. पावसाळ्यांत मेकाँग इतकी फुगते, कीं तोन्ले साप नदीचा प्रवाह उलटा वळून कंबोडियांतील मोठ्या सरोवरांत शिरतो. सुमारें २,५०० चौरस किलोमीटरांचें तें सरोवर कधीं १५,००० पर्यंत पसरतें. पाऊस सरला, कीं पाणी परततें आणि त्याबरोबर मासेहि उतरतात. थोड्या दिवसांचा हा सुकाळ वर्षभर पुरवावयाचा, तर मिठावांचून गति नव्हती. म्हणून मासे साफ करून, चेंदून, मीठ घालून मडक्यांत आंबवावयाचे, तेंच प्राहोक. तें पाण्यांत उकळून गाळतात आणि गवती चहाचे देठ व आल्याच्या जातीचा एक सुगंधी कंद घालून त्याचा उग्रपणा मोडतात.

ख्मेरांचें हें आंबवण व्हिएटनाममध्यें कसें आलें, असें कोणी विचारील. वस्तुतः तें कोठूनहि आलें नाहीं. व्हिएटनामचें राज्यच त्याच्यापर्यंत येऊन पोंचलें. १४७१ मध्यें ले थान् तोंग राजानें चंपाराज्याची विजया ही राजधानी जिंकली. संस्कृत शिलालेख कोरणारें आणि मी सोन येथें शिवालयें बांधणारें तेंच हें चंपा. पुढें न्गुएन सरदार दक्षिणेकडे सरकत राहिले. १६७९ मध्यें चीनमधून परागंदा झालेले मिंग घराण्याचे अनुयायी त्यांच्या आश्रयानें मी थो व बिएन होआ येथें वसले. १६९८ मध्यें आजच्या सायगॉनच्या परिसरांत न्गुएनांचा कारभार सुरू झाला, आणि १७५७ च्या सुमारास जवळजवळ सारा त्रिभुजप्रदेश त्यांच्या हातीं गेला. ख्मेर शेतकरी होता तेथेंच राहिला. बदलला तो सारा घेणारा.

या पदार्थांत प्राहोक ख्मेरांचें, भाजलेलें मांस चिन्यांचें आणि शेवया व्हिएटनामी लोकांच्या, अशी वांटणी तेथें कौतुकानें सांगतात. परंतु ख्मेरांचाहि 'नुम बान चोक' नांवाचा तांदळाच्या शेवयांचा पदार्थ आहे. तेव्हां शेजाऱ्यांच्या चुलींमध्यें इतकी सरळ भिंत घालतां येत नाहीं.

नांवांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. सोक त्रांग हें 'स्रोक ख्लेआंग', म्हणजे कोठाराचा मुलूख, या ख्मेर नांवाचें व्हिएटनामी रूप. 'त्रांग' म्हणजे व्हिएटनामींत चंद्र. त्यामुळें मिन मांग बादशहाच्या कारकीर्दींत (१८२०–१८४१) दप्तरांत या गांवाचें 'न्गुएत ज्यांग', म्हणजे चंद्रनदी, असें नामकरण झालें. दप्तरांतील चंद्रनदी मावळली. लोकांच्या तोंडचें सोक त्रांग उरलें.

पदार्थाच्या बाबतींत उलटा प्रकारहि घडला. सायगॉनच्या उपाहारगृहांत याचाच भाऊबंद 'बुन माम' मिळतो. त्यांत प्राहोकऐवजीं लिन व साक या माशांचें व्हिएटनामी पद्धतीचें आंबवण पडतें. चव थोडी गोडसर झाली, आणि 'प्राहोक' हा शब्दहि गळून पडला. १९७५ नंतर देशोधडीस लागलेल्या निर्वासितांबरोबर व्हिएटनामी पाककला कॅलिफोर्नियापर्यंत पोंचली. तेथील पाटीवर 'व्हिएटनामी' एवढाच शब्द असतो. तो खोटा नाहीं. पण अपुरा आहे. २०१९ च्या खानेसुमारींत व्हिएटनाममध्यें १३ लाखांहून अधिक ख्मेर नोंदले गेले. त्यांच्या पूर्वजांनीं सरोवराच्या पुरांतून शोधून काढलेली युक्ति त्या पाटीमागें निनांवी राहते.

जेत्यांच्या बखरींत जितांस फारशी जागा मिळत नाहीं. तशांत त्यांची चव टिकली आणि नांव पुसलें गेलें, तर आपण त्यांचें अन्न खाऊनहि त्यांना ओळखणार नाहीं. म्हणून असा वाडगा पुढें आला, तर त्यांत काय आहे याबरोबरच, हें प्रथम कोणाच्या मडक्यांत मुरलें, हेंहि अवश्य विचारावें.