मार्चची सर आणि कॉफीचा दाणा

महाड-पोलादपूर भागात कॉफीवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: आपल्याकडे एवढा पाऊस, मग कॉफी का नाही? आंबेनळी घाट चढून गेलं की महाबळेश्वर, म्हणजे सुमारे १,३५० मीटर उंची. अरेबिकाला तेवढी चालते. मग अडलं कुठे?

परंपरा अशी सांगते की १६७० च्या सुमारास बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. लपवून आणल्या वगैरे कथा आपण ऐकतोच, पण मला त्यांनी निवडलेली जागा जास्त महत्त्वाची वाटते. तिथे जून-सप्टेंबरचा पाऊस आहे, आणि मार्च-एप्रिलमध्येही सरी येतात. कॉफीच्या कळ्या कोरड्या दिवसांत निजून असतात. एक चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत अख्खा मळा पांढरा होतो. मग दोन-तीन आठवड्यांनी आणखी एक सर लागते, तरच फळ धरतं. कोकणात ऑक्टोबरनंतर आभाळ जे मिटतं, ते थेट जूनला उघडतं. वळवाची एखादी सर येते, पण तिच्या भरवशावर मळा कोण लावणार? चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळातली कॉफी आहे, पण तिचा मोठा व्यापार कधी झाला नाही.

आता गंमत बघा. पूर्वी मलबार किनाऱ्यावरून शिडाच्या जहाजांतून कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायची. सहा-सहा महिने समुद्राची दमट हवा खाऊन दाणा फुगायचा, पिवळसर व्हायचा, त्याची आंबट धार जायची. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी आल्या, प्रवास आटपला. तर तिकडच्या गिऱ्हाइकाला तो हिरवा, ताजा दाणा रुचेना! मग मंगळूरकडच्या वखारींत पावसाळी वाऱ्यावर दाणे पसरून, पुन्हा पुन्हा उलथून, सैल पोत्यांत भरून तीच चव मुद्दाम आणू लागले. ‘मान्सून्ड मलबार’ म्हणतात ती हीच. पावसाळ्यातली ती ओल महाडकरांना काय सांगायची? आपल्याकडे तिने कपडेसुद्धा वाळत नाहीत.

म्हणजे दाणा मुरवणारी हवा आपल्याकडे आहे, फुलवणारी सर नाही. कोडगूत पाऊस चुकला तर मळेवाले तळ्यातलं पाणी तुषार सिंचनाने देतात. पोलादपूरच्या वाड्यांवर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा उद्या कुणी कॉफीची रोपं घेऊन दारात आला, तर त्याला आधी विचारा: मार्चमध्ये पाणी कुठून देणार?