काडी, बोंड आणि तव्यावरची मशेरी

गेल्या शनिवारी कळसूबाईला जाताना घोटीला चहासाठी थांबलो. टपरीशेजारी एक आजी करंजाची काडी चावत बसल्या होत्या. आमच्यातला एक लगेच म्हणाला, "बघा, आपले पूर्वज! केमिकलबिमिकल काही नाही." तेवढ्यात आजींनी काडी टाकली, कमरेची डबी काढली आणि हिरड्यांवर काळी पूड फिरवली. मशेरी! मित्र गप्प.

आता यातलं पारंपरिक काय, बघू.

काडी खरंच जुनी. चरकसंहितेत दात घासायला करंज, रुई, अर्जुन अशी झाडं सांगितली आहेत. काडी तुरट, तिखट किंवा कडू असावी, दिवसातून दोनदा वापरावी, हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. सुश्रुतसंहितेत तर लांबीही दिली आहे, १२ अंगुळं. (स्पेसिफिकेशन लिहायची सवय जुनीच म्हणायची!) पण चरकाच्या यादीत कण्हेरही आहे आणि ती विषारी असते, तेव्हा यादी वाचून लगेच फांदी तोडू नका. अक्कलकाऱ्याचं पिवळं बोंड दुखऱ्या दाताखाली धरलं की हिरडी बधिर होते, ते त्यातल्या स्पिलँथॉलमुळे. दुखणं दबतं, कीड तिथेच राहते.

आणि मशेरी? तंबाखू मुळात अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. असद बेगने ती विजापुरात पाहिली आणि १६०४ च्या सुमारास अकबराच्या दरबारात नेली. चरकाला ती ठाऊक असणंच शक्य नाही! तव्यावर काळी होईपर्यंत भाजून पूड केली की झाली मशेरी. निकोटीन असल्याने सवय सुटत नाही. तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच, शिवाय गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं.

१९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी घातली. पण घरच्या तव्याला बंदी कोण घालणार?

माझी आजीही लावायची. तिला कुणी व्यसनी म्हटलं नाही, कारण ती फक्त "दात घासत" होती. तंबाखू आपल्या घरात मंजनाच्या नावाने शिरली, म्हणूनच ती कुणाला दिसली नाही.

माझी मावशी अजून लावते. आज संध्याकाळी तिला फोन करणार आहे. आधी काडीचं कौतुक करीन, मग डबीचा विषय काढीन. बघू, ऐकते का!