काळ्या बॅगेतले एक लाख डॉलर

घोटाळ्याची बातमी वाचली की मला थॉमस वॉल्श आठवतो. आयरिश स्थलांतरितांचा मुलगा. आधी शाळामास्तर, मग डकोटातल्या रेडफिल्ड या छोट्या गावातला वकील, १८९० पासून माँटानातल्या हेलेनात. पुढे अमेरिकेचा सिनेटर.

नौदलाचे राखीव तेलसाठे खासगी कंपन्यांना दिले गेले, ते टीपॉट डोम प्रकरण त्याने खणून काढलं. जानेवारी १९२४ मध्ये तेलसम्राट डोहेनीने कबूल केलं: मंत्री फॉलला काळ्या बॅगेतून एक लाख डॉलर पाठवले, ‘उसने’ म्हणून. डोहेनीही आयरिश बापाचाच मुलगा. वॉल्शने गय केली नाही.

लाच घेणारा फॉल तुरुंगात गेला. देणारा डोहेनी निर्दोष सुटला! न्याय अर्धाच झाला. पण तो अर्धाही, मला वाटतं, एका वकिलाने कंटाळवाणी कागदपत्रं नेटाने वाचली म्हणून झाला.