हुलहुलेची धावपट्टी

दिंडोशीची आपली चित्रनगरी 520 एकरांची, म्हणजे दोन चौरस किलोमीटरांहून थोडी मोठी. मालदीवची राजधानी माले जवळपास तेवढीच. एवढ्याशा बेटावरची सत्ता उलथायला कितीसा वेळ लागणार? देश 1965 मध्ये स्वतंत्र, 1968 पासून प्रजासत्ताक. निवडणुका व्हायच्या, पण अध्यक्षपदाला उमेदवार एकच. 1988 मध्ये तो मौमून गयूम.

3 नोव्हेंबर 1988, पहाट : श्रीलंकेतल्या ‘प्लोट’ या तमिळ सशस्त्र संघटनेचे ऐंशीएक भाडोत्री बंदूकधारी बोटींनी मालेत उतरले. आणणारा अब्दुल्ला लुथुफी, मालदीवचाच व्यापारी. बंदर, रेडिओ, सरकारी कचेऱ्या पटापट हाती आल्या. गयूम तेवढे सापडेनात. ते या घरातून त्या घरात लपत होते.

सकाळी साडेसहा : मदतीसाठी दिल्लीला फोन.

दुपार, आग्रा : पॅराट्रूपर्सना मालेच्या हुलहुले विमानतळाचा म्हणून एक फोटो दाखवला गेला. भारताचे मालेतले उच्चायुक्त ए. के. बॅनर्जी तेव्हा नेमके भारतात होते. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं, हा हुलहुले नाहीच. हा दक्षिण टोकाचा गान!

संध्याकाळी सहा : दोन आयएल-76 विमानं उडाली. पहिलं ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर यांच्या हाती.

रात्री पावणेदहाच्या सुमारास : मालेचा विमानतळ मालेत नाही, शेजारच्या हुलहुले बेटावर आहे. बंडवाल्यांनी शहर घेतलं आणि धावपट्टी घ्यायची राहिली. माझ्या मते बंड तिथंच फसलं. खाली काळोख, पट्टीच्या दोन्ही टोकांना पाणी. काही सेकंदांपुरते दिवे लागले, विझले. तेवढ्या खुणेवर बेवूरांनी ते अजस्र धूड उतरवलं.

मध्यरात्र : लुथुफी आणि साथीदार ‘प्रोग्रेस लाइट’ हे मालवाहू जहाज बळकावून पळाले. सोबत ओलीस, त्यांत एक मंत्री.

रात्री अडीच : गयूम भारतीय जवानांच्या संरक्षणात.

6 नोव्हेंबर : श्रीलंकेच्या दिशेनं निघालेलं ते जहाज ‘आयएनएस गोदावरी’नं समुद्रात अडवलं. ही फ्रिगेट आपल्या माझगाव गोदीत बांधलेली. या सगळ्या प्रकरणात 19 जण मेले. बहुतेक भाडोत्रीच, पण ओलिसांपैकीही दोघे गेले.

गयूम पुढं आणखी वीस वर्षं खुर्चीवर राहिले. मालदीवनं पहिली बहुपक्षीय अध्यक्षीय निवडणूक पाहिली ती ऑक्टोबर 2008 मध्ये. तीत ते हरले.