इनलाइनिंगचे नियंत्रण (कंपायलर)

फंक्शनला कॉल करण्याऐवजी त्याचा कोडच कॉलच्या जागी उतरवणे म्हणजे इनलाइनिंग. कॉलचा वेळ वाचतो. शिवाय आजूबाजूचा कोड एकत्र दिसू लागल्याने कंपायलरला पुढच्या सुधारणा सुचतात, आणि मोठा फायदा बहुधा त्यातच असतो. भार पडतो तो मेमरीवर. ६० बाइटांचे फंक्शन ५० ठिकाणी जसेच्या तसे उतरवले तर ३,००० बाइट जातात. चार बाइटांचा कॉल वापरला तर २६० बाइटांत भागते.

पुण्यात हॅरिस पुलावरून दापोडीत शिरल्यावर थेट चाकणपर्यंत वाहनउद्योग पसरला आहे. वाहनांच्या इंजिन-नियंत्रकातली फ्लॅश मेमरी मोजकी असते, म्हणून तिथे हा हिशेब महत्त्वाचा. पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने रेनेसासच्या एसएच आणि एच८ मायक्रोकंट्रोलरसाठी जीएनयू टूलचेन मोफत उपलब्ध करून दिल्या होत्या. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि सहकाऱ्यांनी जीसीसी या जीएनयू कंपायलरची अंतर्गत रचना शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. कंपायलरच्या विषयात महाराष्ट्रात झालेले हे मोलाचे काम आहे.

जीसीसीमध्ये ‘ओ०’ या ऑप्टिमायझेशन पातळीवर सहसा इनलाइनिंग होत नाही. ‘ओ१’वर एकदाच कॉल होणारी स्टॅटिक फंक्शने उतरवली जातात, ‘ओ२’वर लहान फंक्शने, ‘ओ३’वर त्याहून मोठी. ‘ओएस’ आकार राखते. सी भाषेच्या १९९९च्या प्रमाणात ‘इनलाइन’ हा शब्द आला, पण ती केवळ सूचना; निर्णय कंपायलरचाच. सक्ती करायची तर ‘ऑलवेज-इनलाइन’ किंवा ‘नोइनलाइन’ हे गुणधर्म फंक्शनला लावावे लागतात.

‘नोइनलाइन’ची गरज कुठे पडते, हे फ्लॅश पुसणाऱ्या फंक्शनमध्ये नेमके दिसते. अनेक मायक्रोकंट्रोलरमध्ये फ्लॅश पुसली जात असताना तिच्यातून सूचना वाचता येत नाहीत, म्हणून हे फंक्शन रॅममध्ये ठेवतात. कंपायलरने ते फ्लॅशमधल्या फंक्शनात उतरवले, तर रॅममधली जागा नावापुरती उरते आणि नियंत्रक मध्येच अडकतो. स्रोतकोड कितीही वाचला तरी ही चूक सापडत नाही. डिसअसेंब्लीत लगेच दिसते.

२०२०च्या जीसीसी १०पासून ‘ओ२’वरही इनलाइनिंगची व्याप्ती वाढली. त्यामुळे जुना प्रकल्प नव्या कंपायलरवर नेताना पर्याय तेच ठेवले, तरी लिंकरच्या मॅप फाइलमधले आकार आणि रॅममधल्या फंक्शनांचे पत्ते पुन्हा तपासावेत.