आत्याचा रोजचा प्रश्न : “आज हललं का?”



गेल्या आठवड्यात इंदूरहून भाचीचा फोन आला. पहिलटकरीण आहे, विसावा आठवडा चालू. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग आवाज खाली करून म्हणाली, “मावशी, काल रात्री पोटात मासोळी वळल्यासारखं झालं गं. एकदाच. गॅस असेल का?”

मी हसले. म्हटलं, “गॅस नाही बाई, पाहुणा आलाय. दार वाजवतोय.”

फोन ठेवला आणि आत्याची आठवण आली. आमच्या दांडिया बाजारातल्या घरात कोणी गरोदर असलं, की आत्या रोज सकाळी एकच प्रश्न विचारायची, “आज हललं का?” आम्हाला तेव्हा तो म्हातारपणचा चाळा वाटायचा. त्यामागे काय होतं ते खूप उशिरा कळलं. आज तेच लिहिते, पण त्याआधी थोडा इतिहास, कारण आपल्या बडोद्याचा इतिहासही एका पोटावर अडून राहिला होता.

बाळ हलणं ही आपल्याकडे जुनी, मोठी खूण. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तिसऱ्या महिन्याच्या वर्णनात म्हटलंय, की गर्भ स्पंदन पावू लागतो आणि तेव्हापासूनच त्याला इच्छा होऊ लागतात. सुश्रुत चौथा महिना सांगतो. आईचं एक हृदय आणि बाळाचं एक, म्हणून ती दोन हृदयांची बाई, दौहृदिनी. आपला ‘डोहाळे’ हा शब्द याच कुळातला. म्हणजे डोहाळजेवणाला आपण झोपाळा सजवतो, हिरवी साडी नेसवतो, बर्फी की पेढा विचारतो, त्याच्या मुळाशी विचार असा, की आता हिच्या तोंडून दोघं मागतायत.

शेजारच्या गुजराती बायका म्हणायच्या, “फरक्युं?” झेंडा वाऱ्यावर फरकतो तसं. आमची आजी म्हणायची, “पाखरू फडफडलं का?” शब्द वेगळे, पण विचारायचं एकीनेच दुसरीला. कारण ही बातमी बाहेरून कुणाला दिसत नाही. ती फक्त जिची तिलाच कळते, आणि ती सांगेल ते खरं मानायचं.

आता बडोद्याकडे येऊ. २८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव महाराज गायकवाड वारले. मुलगा नव्हता. धाकटे भाऊ मल्हारराव हे महाराजांविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून पादऱ्याला कैदेत होते. त्यांना सोडवून आणून गादीवर बसवलं, पण अट घालून. कारण महाराणी जमनाबाईसाहेब गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची, मल्हाररावांनी उतरायचं.

विचार करा, त्या तरुण विधवेची काय अवस्था असेल! पोटातलं बाळ म्हणजे राज्याचा वारस, आणि ते जन्मू नये असं वाटणारे लोक सत्तेत. जिवाला धोका वाटला म्हणून बाईसाहेब इंग्रजांच्या रेसिडेन्सीत आश्रयाला राहिल्या. ५ जुलै १८७१ रोजी त्या बाळंत झाल्या. मुलगी झाली, ताराबाई. मल्हाररावांची गादी पक्की झाली आणि बाईसाहेब लेकीला घेऊन पुण्याला गेल्या.

आपला नऊ महिने नऊ दिवसांचा बायकी हिशेब मागे लावून पाहिला, तर महाराज गेले तेव्हा त्यांना जेमतेम दोन महिने झाले असणार. म्हणजे पोटातली पहिली हालचाल आली असेल ती १८७१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, नवरा गेल्यावर. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, लघवीची तपासणी नव्हती. साऱ्या राज्याचं लक्ष लागलेली गोष्ट आहे की नाही, हे आधी त्या एका बाईलाच आतून कळलं असणार.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावरच्या विषप्रयोगाचं प्रकरण झालं, एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं, जमनाबाईसाहेबांना परत आणलं आणि २७ मे १८७५ रोजी त्यांनी नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच आपले सयाजीराव महाराज. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, गावोगावची वाचनालयं, हे सगळं त्यानंतरचं. ताराबाईंच्या जागी मुलगा झाला असता तर बडोदा आज काय असतं, कोण जाणे.

राज्यंच कशाला, कायद्यानेही या हालचालीला मान दिला होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत गर्भपाताच्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, पण गर्भ हलू लागलेला असेल तर सात वर्षांपर्यंत. इंग्रजांच्या जुन्या कायद्यातला हा भेद इकडे आला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो राहिलाय. म्हणजे बाईला पोटात जे जाणवतं, त्यावर कोर्टात वर्षांचा हिशेब होतो.

आणि तरी गंमत बघा. गादीसाठी, कायद्यासाठी जी गोष्ट एवढी मोलाची, तीच घरात बाईने सांगितली तर?

आत्याचं पहिलं बाळंतपण १९६० च्या दशकातलं. सासर बडोद्यातच, घर माणसांनी भरलेलं. पाचव्या महिन्यात तिने जाऊबाईंच्या कानात सांगितलं, “हललं.” झालं! घरभर आनंद. सासूबाईंनी दृष्ट काढली, देवापुढे साखर ठेवली. तिच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही.

आठव्या महिन्यात, ऐन थंडीत, तिने पुन्हा सांगितलं, “काल दुपारपासून हललं नाही.”

या वेळी सगळ्यांकडे उत्तरं होती. थंडीने निजलं असेल. शेवटी शेवटी जागा पुरत नाही, म्हणून नाही हलत. तुला झोपेत कळलं नसेल. गार पाणी पी. लिंबाचं सरबत पी. पहिलटकरणीला काय कळतं! दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटावर नळी ठेवली, कान लावला. नळी इकडून तिकडे फिरवली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

आत्याने हे मला एकदाच सांगितलं, मी स्वतः पाच महिन्यांची होते तेव्हा. नवरात्र होतं, मी मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसून गरबा बघत होते आणि ढोलाच्या ठेक्यात पोटात काहीतरी टिचकी बसली. मी तिला सांगितलं. तिने माझा हात घट्ट धरला. घरी येऊन सगळं बोलली. शेवटी म्हणाली, “हललं म्हटलं तेव्हा मी शहाणी होते. हलत नाही म्हटलं तेव्हा मी वेडी झाले.”

लवकर नेलं असतं तर बाळ वाचलं असतंच, असं मी म्हणणार नाही. पण त्या बाईला आयुष्यभर एक प्रश्न सोबत करावा लागला, तो तरी टळला असता.

म्हणून भाचीला जे सांगितलं ते इथेही लिहिते. डॉक्टरांकडून नीट समजून घेतलेलं आहे. बाळ सात-आठ आठवड्यांपासूनच हलत असतं, पण ते इवलंसं असतं म्हणून कळत नाही. पहिल्या खेपेला साधारण अठरा ते वीस आठवड्यांत जाणवतं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सोळाव्यापासूनही. वार पुढच्या बाजूला असेल तर थोडं उशिरा. चोविसाव्या आठवड्यापर्यंत काहीच जाणवलं नाही तर डॉक्टरांना सांगायचं. आणि शेवटच्या महिन्यांत बाळ कमी हलतं ही निव्वळ समजूत आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी लोळण-ढुशी होते, पण ती मंदावता कामा नये. नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. सरबत पिऊन उद्याची वाट बघायची नाही. दहादा उगीच जावं लागलं तरी चालेल.

कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या अमेरिकेला जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि त्यांच्या प्रबंधाचा विषयही आपल्याकडचं प्रसूतिशास्त्र हाच होता. आमची आत्या चौथीपर्यंत शिकलेली. तिला प्रबंध लिहिता येत नव्हता. तिने रोज सकाळी एक प्रश्न विचारला, घरातल्या प्रत्येक सुनेला, लेकीला, आणि उत्तर येईपर्यंत ती समोरून हलायची नाही. आमच्या घरात त्यानंतर कुणाचं “हलत नाही” वाऱ्यावर गेलं नाही.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. आता रोज सकाळी इंदूरला फोन मी लावते.

तुमच्या घरी या पहिल्या हालचालीला काय म्हणायचे? हैदराबादच्या, बेळगावच्या, ग्वाल्हेरच्या मंडळींनी आपापला शब्द खाली जरूर लिहा. आणि घरात कुणी गरोदर असेल, तर आज तिला विचारा.