.३१५ बोअरची रायफल : कायदा, शिकार आणि मंडणगडची शेती

प्रस्तावना

शिकारी रायफलीचा बोअर सामान्यतः तिच्या मारक शक्तीवरून निवडला जातो. भारतात मात्र ही निवड प्रथम कायद्याने केली. .३१५ बोअर हे त्याचे ठळक उदाहरण होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना पद्धती दृढ झाली. लष्करी दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये, या धोरणातून .३०३ हा लष्करी बोअर नागरिकांना निषिद्ध ठरला, १९०७ मध्ये.४५० बोअरवरही बंदी आली. परिणामी इंग्लंडातील बंदूक उत्पादकांनी .४६५, .४७० असे नवे बोअर पुढे आणले. मध्यम बोअरमध्ये ही उणीव .३१५ ने भरून काढली. त्याचे काडतूस ऑस्ट्रियातील मॅनलिखर रायफलीच्या ८ मिलिमीटर काडतुसावरून घेतलेले होते. बी.एस.ए. कंपनीने ली-एन्फिल्ड धाटणीच्या रायफली या बोअरमध्ये तयार केल्या. स्वातंत्र्योत्तर काळात बंगालमधील इशापूर येथील सरकारी कारखान्याने ही परंपरा पुढे चालविली, तर खडकीच्या दारूगोळा कारखान्याने काडतुसे पुरविली.

गुण व मर्यादा

सुमारे २४४ ग्रेन वजनाची, मऊ टोकाची गोळी रानडुकरासारख्या जनावरास मध्यम अंतरावर पुरेशी ठरते. कडा असलेले काडतूस सहज बाहेर निघते आणि यंत्रणा साधी व मजबूत आहे. मात्र गोळीचा वेग बेताचा असल्याने लांबच्या माऱ्यात ती लवकर खाली येते.

मंडणगडचा संदर्भ

सावित्रीच्या खाडीलगतच्या या डोंगराळ तालुक्यात भात-नाचणीची शेते रानाला भिडलेली आहेत. दाट झाडीत नेम जवळचाच असतो. त्यामुळे लांब पल्ल्याचा लाभ मिळत नाही. उलट चुकलेली गोळी दूरच्या वाडीपर्यंत जाण्याचा धोका राहतो. म्हणूनच कोकणात पीक-संरक्षणासाठी ठासणीची व बारा बोअरची बंदूक अधिक रूढ झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीवर कडक निर्बंध आणले. उभ्या पिकास धोकादायक ठरलेले रानडुक्कर मारण्यासही त्या कायद्याच्या कलम ११ नुसार अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. केवळ शस्त्र परवाना पुरेसा नसतो.

निष्कर्ष

.३१५ ची लोकप्रियता तिच्या गुणांइतकीच सरकारी निर्बंधांतून घडली. रायफल राजसत्तेच्या भीतीतून नागरिकांच्या हाती आली आणि पुढे निसर्गरक्षणाच्या गरजेतून तिचा वापर मर्यादित झाला. शेतकऱ्याचे पीक आणि रानातील जीव यांतील तोल साधण्याचा प्रश्न मात्र कोणत्याही बोअरने सुटणारा नाही.